एसएमपीएसची तरतूद
मर्यादित द्रव्यात खेळांसाठी संगणक जुळवू पाहणारा तरुण जेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानामागून दुकान पालथे घालतो, तेव्हा अंदाजपत्रकाचा मोठा हिस्सा ग्राफिक्स कार्डासाठी राखावा हे त्याला कोणीही सांगतो, आणि ते यथार्थच आहे. कारण पडद्यावरील दृश्ये रेखाटण्याचा मुख्य भार तेच वाहते, आणि रायझन ५ ५६०० सारखा ६ कोअरचा प्रोसेसर त्याच्या जोडीला पुरेसा ठरतो. रॅमही १६ जीबीची एकच पट्टी न घेता ८ जीबीच्या दोन घ्याव्यात, म्हणजे स्मृतीचे दोन्ही मार्ग एकाच वेळी खुले राहतात. परंतु माझा जीव तुटतो तो एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरविणाऱ्या डब्याच्या, बाबतीत: सर्व खर्च मंजूर झाल्यावर जी शिल्लक उरेल तीतून, किंबहुना कॅबिनेटबरोबर आयताच मिळाला म्हणून, कोणताही डबा बसविण्याचा जो शिरस्ता पडला आहे तो घातक आहे, आणि रंगीत दिव्यांच्या पंख्यांसाठी ठेवलेली रक्कम निःसंकोच इकडे वळवावी, कारण विद्युद्दाब अकस्मात बिघडला असता इतर मौल्यवान भागांचे रक्षण करण्याची जबाबदारी याच उपेक्षित घटकावर येऊन पडते, आणि त्यावरील ‘८० प्लस’ हा शिक्का केवळ विजेच्या काटकसरीची ग्वाही देतो, त्या रक्षणाची नव्हे.