कीचेन नको, पाना द्या!

मंडळी, हे वाचून घरातल्या दोन-चार जणांना राग येईल. येऊ द्या.

गेल्या महिन्यात माझी एकसष्टी झाली. आमच्या अंगणात अण्णांची 1948 ची एम.जी. टी.सी. उभी आहे हे सगळ्या गोतावळ्याला ठाऊक. म्हणून भेटी आल्या त्या अशा: चार कीचेन, तीन मग, एक खेळण्यातली लाल गाडी आणि एक जाडजूड चित्रांचं पुस्तक, ज्यात टी.सी.ला अर्धं पान. प्रेमाने आणलंत, नाही म्हणत नाही. पण ती गाडी नऊ वर्षं जागची हललेली नाही. का, ते एकानेही विचारलं नाही.

सांगतो. अण्णा गेल्यावर दिवाळीच्या साफसफाईत त्यांची हत्यारांची पेटी आम्ही भंगारवाल्याला किलोवर घातली. "गंजलेलं लोखंड, घरात नवे पाने आहेत की!" हे मीच म्हणालो होतो.

टी.सी.चं 1250 सी.सी. इंजिन मुलखावेगळं. आटे मिलिमीटरचे, पण नट-बोल्टची डोकी व्हिटवर्थ मापाची, म्हणजे इंग्लंडातल्या मेकॅनिकचे नेहमीचे पाने चालावेत. त्यातला पाव इंची पाना म्हणजे तोंड पाव इंच नव्हे, तोंड 0.525 इंच, म्हणजे 13.3 मि.मी. तेरा नंबर चढत नाही, चौदा ढिला बसतो. आमच्या मेकॅनिकने चौदाने जोर लावला. नटाचे कोपरे गेले, मग छिन्नी आली, शेवटी स्टडच तुटला. त्या बिचाऱ्याला काय बोलू? बरोबर पाना मीच विकला होता.

पेटी भंगारात, तसं डब्ल्यू. ई. ब्लोअर यांचं एम.जी.चं वर्कशॉप मॅन्युअल पस्तीत. पुस्तक पुन्हा मिळेल हो. पण अण्णांनी समासात पेन्सिलीने, मराठीत, जे लिहून ठेवलं होतं ते कुठून आणू? टॅपेट गरम इंजिनवर 19 थाऊ, बडोद्याच्या मे महिन्यात कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये कोणतं तेल घालायचं, सगळं होतं.

आणि आपण वारसा-वारसा करतो! 2023 च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या मोटारींचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा आपले अर्धे बडोदेकर सेल्फी काढत होते. मीही होतो. बॉनेटखाली वाकून बघणारे किती? सयाजीरावांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं ते हाताला काम शिकवायला. आमचे आजोबा तिथेच फिटर झाले. त्यांच्या नातवाने पाने किलोवर विकले.

कोणी म्हणेल, भेट म्हणून पाना देणं शोभतं का? खंडेनवमीला त्याच पान्याला हळदकुंकू वाहतो, तेव्हा शोभतं ना? कोणी म्हणेल, सगळं ऑनलाइन मिळतं. मिळतं, मान्य. मग तेच मागवा ना! व्हिटवर्थ पान्यांचा संच, इंची मापाचं फिलर गेज, चांगली ग्रीस गन, एस.यू. कार्ब्युरेटरचं दुरुस्ती किट. पुस्तकच द्यायचं तर ब्लोअरचं मॅन्युअल द्या, नाहीतर माइक शेरेल यांचं 'टी.सी.ज फॉरएव्हर!'. तेलाचे हात लागून मळेल असं पुस्तक द्या, टीपॉयवर मिरवणारं नको. आणि काय हवंय ते आधी विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

भाचीने एकटीने विचारलं, "मामा, नेमकं काय अडलंय?" परवा तिच्याकडून पान्यांचं पार्सल आलं. रविवारी ती स्वतः आली, आम्ही दोघांनी मिळून मॅनिफोल्डचे उरलेले नट सोडवले. एकाचाही कोपरा गेला नाही. तुटलेला स्टड अजून आत आहे, तो ड्रिल करून काढावा लागेल. गाडी कधी सुरू होईल, सांगता येत नाही.

तुमच्याकडे मोटार नसेल. पण शिलाई मशीनचा डबा असेल, आजोबांची सुतारकामाची पेटी असेल, बाजाच्या पेटीचे सुटे सूर असतील. यंदा दिवाळीची साफसफाई करताना ते किलोवर घालण्याआधी घरातल्या जाणत्या माणसाला विचारा, हे कशाचं आहे. तो माणूस आहे तोवरच विचारा. मी विचारलं नव्हतं.