कॅमेरा आणि कमरा

दहावीचा निकाल लागला की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो, "सर, पोराला फोटोचा नाद लागलाय. कॅमेरा कोणता घ्यायचा?" मी उलट विचारतो, घरात उत्तरेकडे उघडणारी खिडकी आहे का? आणि कॅमेरा ज्या कपाटात राहील, त्याच्या मागची भिंत पावसाळ्यात ओलावते का? लोकांना वाटते, सर विषय टाळताहेत. पण सोनगीरसारख्या गावात छंदाचे निम्मे पैसे वाचतात किंवा बुडतात ते या दोन ठिकाणी.

'कॅमेरा' हा मुळात लॅटिन शब्द आहे आणि त्याचा अर्थ खोली. आपल्या घरात उर्दूत ज्याला 'कमरा' म्हणतात, तो शब्दही पोर्तुगीजांमार्फत त्याच मुळातून आला. म्हणजे दोघे सख्खे भाऊच. लेन्स येण्याच्या कितीतरी आधी माणसाने अंधाऱ्या खोलीतच चित्र पाहिले. इ.स. 965 च्या सुमारास बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैसमने खोलीच्या छिद्राबाहेर अनेक दिवे ओळीने ठेवून आत भिंतीवर पडणारे ठिपके तपासले होते. एक दिवा झाकला की फक्त त्याचाच ठिपका नाहीसा होई. त्याची 'किताब अल-मनाझिर' अशाच प्रयोगांवर उभी आहे. आपल्या घरीही हे दाखवता येते. भर दुपारी खिडक्या-दारे काळ्या कागदाने बंद करा, कागदाला चण्याएवढे एकच छिद्र ठेवा, समोर पांढरी चादर धरा. डोळे अंधाराला सरावले की रस्ता, बैलगाडी, समोरचे घर सगळे उलटे दिसू लागते. वर्गात हे केले की मुले पाच मिनिटे तरी गप्प बसतात, आणि एवढे दुसऱ्या कशाने साधत नाही.

आता खिडकीचे. सोनगीर साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. वर्षातला बराच काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, नुसता मऊ, एकसारखा उजेड येतो. चेहऱ्याच्या फोटोला यासारखा उजेड नाही. माणसाला खिडकीपासून हातभर अंतरावर, तिला काटकोनात बसवा. जास्त आत नेले की उजेड भराभर कमी होतो. जुन्या धाब्याच्या घरांत भिंती जाड आणि खिडक्या लहान, तिथे खिडकी मोठी करण्याचा खर्च नव्या लेन्सपेक्षा कमी येतो. आणि ती खिडकी अम्मीच्या शिवणालाही कामी येते, लेन्स येत नाही.

दुसरी गोष्ट भिंतीचा रंग. आपल्या घरांत हिरव्या ऑइलपेंटची आवड फार. हौस असावी, पण त्या भिंतीवरून परतलेला उजेड चेहऱ्यावर पडतो आणि नवरी मुलगी काविळीतून उठल्यासारखी दिसते. खिडकीसमोरची एक भिंत पांढरी करून घ्या. तेही नको असेल तर पांढरी चादर टांगा. आमचे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते, त्यामुळे कुणी परातच उजेड परतवायला धरतो. पितळेची परात चेहरा पिवळा करते. कल्हई केलेली, थोडी जुनी होऊन चमक मंदावलेली परात त्याहून बरी. नवी लखलखीत धरली तर गालावर पांढरे डाग पडतात.

याच मुंबई-आग्रा रस्त्यावर धुळ्याच्या पलीकडे मालेगाव आहे. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. धावता शॉट सायकलवरून, उंचावरचा शॉट बैलगाडीच्या दांड्यावरून. पुढच्या त्यांच्या 'सुपरमॅन'च्या शूटिंगवर फैजा अहमद खान यांनी 2008 मध्ये माहितीपट केला, आणि रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' 2025 मध्ये थिएटरात आला. लोक बैलगाडीच्या क्रेनवर हसतात किंवा गरिबीतल्या कल्पकतेचे गोडवे गातात. मला दोन्ही पटत नाही. क्रेन मिळाली असती तर त्यांनी आनंदाने वापरली असती. घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. कॅमेरा कुठून कुठे जायला हवा हे त्यांना आधी ठाऊक होते, मग त्यांनी बैलगाडी शोधली. आमची मुले आधी गाडी शोधतात.

तरीही कॅमेरा घेतलाच, तर तो जपायचा कसा हे घरातल्या बायांनी ऐकून ठेवावे, कारण पेटीची किल्ली त्यांच्याकडे असते. हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, आणि तिच्या आम्लाने काचेवरचा लेप कायमचा खातो. खान्देशात कोकणाएवढा पाऊस नाही म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. श्रावणात बंद लोखंडी पेटीत, कपड्यांच्या घडीखाली, चामड्याच्या कव्हरात ठेवलेला कॅमेरा म्हणजे बुरशीला घातलेली मेजवानी आहे. चामडे ओल धरून ठेवते. कपड्यांतल्या डांबरगोळ्याही कॅमेऱ्याजवळ नकोत, त्यांची वाफ यंत्राला बाधते.

डाळीसाठी असतो तसा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक, एवढे पुरते. काटा 40 ते 50 च्या दरम्यान असावा. रंग बदलणारे दाणे ओलावले की जुन्या थाळीत मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतात. मात्र निळे दाणे घेऊ नका, त्यांत कोबाल्टचे क्षार असतात, आणि ती थाळी पुन्हा स्वयंपाकात आणू नका. तांदळात कॅमेरा पुरण्याचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नये, पूड फटींत शिरते. उन्हाळ्यात बॅटरी काढून वेगळी ठेवा, पत्र्याखालच्या फळीवर तर मुळीच नको.

हे सगळे कशासाठी, तर माझ्या मते या छंदाचे सर्वांत मोलाचे काम घरातच पडून असते. नानीचा एकच फोटो, अब्बांचा पासपोर्ट, पिवळा पडलेला निकाहनामा, जमिनीचे कागद. दर पावसाळ्यात त्यातले काही ना काही जाते. घरात कॅमेरा असेल तर पहिल्या रविवारी हेच करा. कागद सावलीत सपाट ठेवा, फ्लॅश बंद, कॅमेरा बरोबर वरून, कागदाला समांतर. फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, नानीचा चेहरा काचेवरच राहील. काच बाहेरून पुसा आणि आहे तसाच फोटो घ्या. काचेत छत दिसत असेल तर वर काळी ओढणी धरा. ती धरायला घरातली लहान मुलगी लागते, आणि कोपऱ्यातला माणूस कोण हे ती तेव्हाच विचारते. उत्तर देणारे अजून घरात असतील तर नाव त्याच दिवशी लिहून घ्या.