गळका नळ, तुंबलेली मोरी

जुन्या घरात नळ गळू लागला की पहिल्यांदा त्याखाली बादली लागते. मग नळाला चिंधी बांधली जाते. चिंधी भिजून ठिबकू लागली की घरातले वडीलधारे म्हणतात, "आता ही बिल्डिंग पडायचीच आहे, कशाला खर्च करायचा?" या एका वाक्यावर पुष्कळ घरांनी वीस-वीस वर्षे काढली. वरळीच्या बी.डी.डी. चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या आणि तिथल्या पहिल्या काही कुटुंबांच्या हाती नव्या घरांच्या किल्ल्या पडल्या त्या २०२५ च्या ऑगस्टमध्ये. नवे घर येईल तेव्हा येईल. नळ मात्र आजच गळतो आहे, म्हणून आज त्याच्याविषयी.

प्रथम पाण्याचा हिशेब. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसात ८६,४०० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी सव्वाचार लिटर आणि महिन्याला सुमारे १३० लिटर पाणी मोरीत गेले. ज्या घरात पहाटे उठून हंडे भरावे लागतात, तिथे हे नुकसान समजावून सांगायला नको.

पण गळती पाइपाची असेल तर त्याहून वाईट गोष्ट घडते. आपल्याकडे पाणी ठराविक वेळ येते. पाणी चालू असते तेव्हा पाइपाच्या भोकातून ते बाहेर पडते. पाणी गेले की पाइप रिकामा होतो, आत ओढ निर्माण होते आणि त्याच भोकातून बाहेरचे पाणी आत शिरते. जुन्या चाळींत नळाचा पाइप कित्येक ठिकाणी गटाराला लागून, कधी गटारातूनच गेलेला असतो. मग दुसऱ्या दिवशी हंड्यात काय येते, ते वेगळे सांगायला नको. कावीळ, हगवण, विषमज्वर हे असे घरात येतात. पाण्यातून होणाऱ्या काविळीचा 'ई' हा प्रकार गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतो. ज्यांच्या घरी सून वा लेक दिवसांत आहे त्यांनी तरी गंजलेल्या पाइपाचे काम पुढे ढकलू नये. तो बदलेपर्यंत पाणी आल्यावर पहिल्या दोन-तीन बादल्या धुण्याला वापराव्यात आणि पिण्याचे पाणी उकळून घ्यावे.

आता हत्यारे. मागेपुढे होणारा एक पाना, एक पाइप पाना, पेचकस, टेफ्लॉन टेप, अर्ध्या इंची नळाचे चार-सहा वॉशर, तारेचा आकडा आणि मोरी उपसायचा रबरी पंप. एवढ्यावर बहुतेक कामे होतात. एकट्याला जड वाटत असेल तर मजल्यावरच्या चार घरांनी मिळून घ्यावीत. पाना काही रोज लागत नाही. आणि ही पुरुषांचीच कामे आहेत असे कोणी समजू नये. कामावरून रात्री नऊला येणाऱ्या माणसाची वाट पाहत दिवसभर ठिबक ऐकत बसण्यापेक्षा घरातल्या बाईने वा मुलीने वॉशर बदलावा. अर्ध्या तासाचे काम आहे.

नळ कुठून गळतो ते आधी पाहावे. बंद केल्यावर तोंडातून ठिबकत असेल तर वॉशर गेला. चालू केल्यावर मुठीखालून, दांड्याच्या कडेने पाणी येत असेल तर दोष ग्लँडचा. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

वॉशर बदलायचा तर आधी मागचा कॉक बंद करावा. पुष्कळ चाळींत घरागणिक कॉक नसतोच. तिथे पाणी गेल्यावर काम काढावे आणि पाण्याच्या वेळेआधी संपवावे. वर टाकी असलेल्या इमारतीत टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. त्याआधी शेजाऱ्यांना सांगावे, नाहीतर अंगाला साबण लावलेला माणूस भांडायला येतो. नळ उघडून उरलेले पाणी काढून टाकावे. मूठ काढावी, मग पान्याने नळाचा वरचा भाग डावीकडे फिरवून सोडवावा. पान्याखाली फडके धरले म्हणजे नळावर चरे पडत नाहीत. आतल्या दांड्याच्या टोकाशी चपटा, कडक झालेला रबराचा वॉशर दिसेल. तो काढून दुकानात सोबत न्यावा, अंदाजाने आणू नये. नवा बसवण्यापूर्वी नळाच्या आत बोट घालून वॉशर ज्या पितळी कडेवर टेकतो ती चाचपावी. तिला खाच लागली तर नवा वॉशरही पंधरा दिवसांत कापला जाईल. असा नळच बदलावा. वॉशर लवकर जाण्याचे एक कारण आपल्या हातात आहे. नळ बंद झाल्यावरही लोक आणखी दोनदा पिळतात. पोरांना हे एकदा शिकवले की वॉशर पुष्कळ काळ टिकतो.

ग्लँडचे काम सोपे. मुठीखालचा लहान नट पाव फेरा आवळावा. तरी पाणी येत असेल तर नट सोडवून दांड्याभोवती टेफ्लॉनची दोरीसारखी पिळलेली टेप गुंडाळावी व पुन्हा आवळावे. फार आवळला तर नळच फिरत नाही. नव्या पाव फेऱ्याच्या नळांत वॉशर नसतो, आतला कार्ट्रिज संपूर्ण बदलतात.

सारा नळ बदलताना मात्र जुन्या घरात जपून. जी.आय. पाइप तीस-चाळीस वर्षांत आतून गंजून पातळ झालेला असतो. एकट्या पान्याने नळाला हिसका दिला तर तो जोर भिंतीतल्या एल्बोपर्यंत जातो आणि पाइप आतच तुटतो. मग पाच-दहा रुपयांच्या वॉशरच्या कामाची भिंत फोडण्यापर्यंत मजल जाते. म्हणून नेहमी दोन पाने: एकाने पाइप वा एल्बो जागच्या जागी घट्ट धरायचा, दुसऱ्याने नळ सोडवायचा. तरीही हलत नसेल तर सोडून द्यावे आणि प्लंबर बोलवावा. आमच्या मते हट्टाने तुटलेल्या पाइपापेक्षा प्लंबरची मजुरी स्वस्तच पडते. नवा नळ बसवताना आट्यांवर टेप आटे फिरतात त्याच दिशेने आठ-दहा वेढे घालावी. नळ सरळ करायला कधी मागे फिरवू नये, टेप फाटते. थोडा पुढे आवळूनच सरळ करावा.

इथे एक गंभीर सूचना. पुष्कळ जुन्या घरांत विजेची अर्थिंगची तार पाण्याच्या पाइपाला बांधलेली असते. पाइपाचा एखादा तुकडा काढून प्लास्टिकचा घातला की ती अर्थिंग तुटते आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर काम तिथेच थांबवावे, मेन स्विच बंद करावा आणि वायरमन बोलवावा. गिझर असेल तर कोणतेही काम काढण्याआधी तो बंद असावा.

फ्लशची टाकी गुपचूप गळते. टाकीच्या पाण्यात कपड्यांची थोडी नीळ टाकावी आणि वीस मिनिटे कोणी फ्लश करू नये. भांड्यात निळे पाणी उतरले तर टाकीच्या तळाचे रबर बदलायला आले. पाणी वरच्या नळीतून वाहून जात असेल तर बॉल कॉकचा फुगा खाली घ्यावा, म्हणजे पाणी नळीच्या बोटभर खाली थांबते.

खालच्या मजल्यावरच्या वहिनी "आमचे छत गळते" म्हणून आल्या की लगेच वादाला उभे राहू नये. ओल पाण्याच्या वेळेला वाढते की आंघोळी झाल्यावर, हे त्यांनाच विचारावे. पाण्याच्या वेळेला वाढत असेल तर नळाचा पाइप फुटला आहे. आंघोळीनंतर वाढत असेल तर मोरीची फरशी किंवा नहाणी ट्रॅप. त्यातला फरक असा काढावा: ट्रॅपच्या तोंडात फडक्याचा बोळा घट्ट बसवून मोरीत बोटभर निळे पाणी काही तास साठवावे. खाली निळी ओल आली तर फरशीचे सांधे फुटले आहेत, न आल्यास संशय ट्रॅपवर. सांधे असतील तर जुना भुगा खरवडून, जागा कोरडी करून पांढरे सिमेंट वा ग्राउट भरावे आणि ते पक्के होईपर्यंत मोरी वापरू नये. हे सांधे बहुधा ॲसिडने जातात. दर रविवारी लाद्या ॲसिडने चकचकीत करण्याची काही घरांत चढाओढ असते. ॲसिड लादीचा डाग काढते आणि तिच्या बाजूचे सिमेंटही खाते. शिवाय ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बंद मोरीत तो प्राणावर बेततो.

मोरी तुंबली तर जाळी काढून आकड्याने केस आणि साबणाचा गाळ उपसावा, मग रबरी पंप मारावा. शेवटी धुण्याचा सोडा घालून गरम पाणी सोडावे. ट्रॅपमध्ये जे पाणी साचून राहते तेच गटाराचा वास आणि झुरळे अडवते. गावाहून पंधरा दिवसांनी आल्यावर घरात वास सुटला असेल तर एक तांब्या पाणी ओतून पाहावे, ट्रॅप सुकलेला असेल.

एवढे करूनही पाणी उतरत नसेल तर अडथळा आपल्या घरात नाही, बाहेरच्या बिडाच्या पाइपात किंवा चेंबरमध्ये आहे. तिथे आपले हात थांबले पाहिजेत, आणि दुसऱ्या कोणाचे हातही तिथे घालायला लावू नयेत. शंभर-दोनशे रुपये देऊन कुणालातरी चेंबरमध्ये उतरवण्याची रीत आपल्या वस्त्यांतही आहे, हे आम्हाला खेदाने लिहावे लागते. उतरणारा कोण असतो, कोणत्या घरातला असतो, हे आपल्या वाचकांना आम्ही सांगावे काय? चेंबरमधला वायू दिसत नाही आणि एका श्वासात माणूस कोसळतो. त्याला काढायला गेलेला दुसराही. सुरक्षेच्या साधनांविना माणसाला गटारात वा सेप्टिक टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख आणि २०२३ साली ३० लाख रुपये ठरवली. सोसायटीने वा चाळ कमिटीने पालिकेकडे लेखी तक्रार करून यंत्राची गाडी मागवावी आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. गाडी यायला दोन दिवस लागले तर दोन दिवस मोरीचे पाणी बादलीने काढावे.

आणखी एक. घरात कॉक असेल तर तो महिन्यातून एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा. वर्षानुवर्षे न फिरवलेला कॉक नेमका पाइप फुटलेल्या रात्री अडकतो. घरातल्या प्रत्येकाला, पोरांनाही, तो कुठे आहे आणि कोणत्या बाजूने फिरतो ते आजच दाखवून ठेवावे.