ताई, उद्या माणूस पाठवतो!

मैत्रिणींनो, मागच्या पावसाळ्यात आमच्या घरी कुणी आलं की आधी त्याला निळी ताडपत्री दिसायची. स्वयंपाकघराच्या दाराऐवजी ताडपत्री, खिडकीला ताडपत्री, गॅसच्या वरही ताडपत्रीच. मागची कवेलूची खोली पाडून तिथे स्लॅबचं स्वयंपाकघर आणि बाजूला न्हाणी-संडास करायचं, एवढंच काम. मार्चमध्ये सुरू झालं. ठेकेदार नात्यातल्या ओळखीचा. म्हणाला, "ताई, तुम्ही काळजीच करू नका. दीड महिन्यात चावी हातात देतो." चावी कसली देतो, दारच नव्हतं ते दिवाळीपर्यंत!

साडेतीन लाखांत ठरलं होतं. ठरलं म्हणजे काय, ओसरीत चहा पिता पिता ठरलं. कागद नाही, पावती नाही. लाखभर रुपये इसार म्हणून दिले, मग लोखंड-सिमेंटसाठी ऐंशी हजार, मग "मजुरांचा हप्ता आहे ताई, अडलंय" म्हणून पन्नास. एप्रिलअखेर स्लॅब पडला आणि ठेकेदार दिसेनासा झाला.

ही काही माझ्या एकटीची गोष्ट नाही. महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला हा विषय काढला, तर वाण बाजूलाच राहिलं! ब्रह्मपुरीकडच्या एका निवृत्त शिक्षिकेने ग्रॅच्युइटीच्या पैशांतून वरचा मजला काढायला घेतला. दोन वर्षं झाली, वर नुसते कॉलमचे गज उभे आहेत आणि त्यावर ती कपडे वाळवते. वरोऱ्याच्या एकीच्या घरी फरशी बसवली ती सहा महिन्यांत पोकळ वाजायला लागली. देसाईगंजच्या एकीकडे तर ठेकेदार जुन्या घराचे सागवानी दार-चौकटी "पॉलिश करून आणतो" म्हणून घेऊन गेला, ते आलेच नाहीत. आपल्या बल्लारशाहचं सागवान २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी वाजतगाजत गेलं, आणि या बाईच्या सासऱ्याच्या हाताचं सागवान गुपचूप टेम्पोतून गेलं.

आपल्याकडच्या ठेकेदारांच्या सबबींचं एक पंचांगच आहे. मे महिन्यात "माणसं तेंदूपत्त्यावर गेली". जूनमध्ये "रेती बंद झाली". जुलैत "रोवणी चालू आहे, बाया-माणसं कुठून आणू?" पुढे पोळा, मग गणपती, मग दिवाळी. त्यानंतर "माणसं मिरची तोडायला तेलंगणात गेली". आणि हे खोटं आहे का? नाही ना! तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलभागातलं गावच्या गाव पहाटे रानात असतं, कारण त्या पंधरा-वीस दिवसांच्या पैशावर पुढचे कित्येक महिने निघतात. पावसाळ्यात नदीतून रेती काढायला बंदी असते, तेही खरं. रोवणी तर कुणाच्या स्लॅबसाठी थांबतच नाही. म्हणूनच हा माणूस आपल्याला पकडता येत नाही. त्याची प्रत्येक सबब अर्धी खरी असते. पण मला सांगा, तेंदूपत्ता यंदाच आला का? वीस वर्षं या धंद्यात असलेल्या माणसाला मार्चमध्ये काम घेताना मे महिना माहीत नसतो का? माहीत असतो. त्याला तुमचा इसार घेऊन आणखी तीन कामं धरायची असतात. तुमच्या सिमेंटच्या पैशांत आधीच्या बाईची छपाई होते आणि तुमची छपाई पुढच्या बाईच्या पैशांत.

सिमेंटवरून आठवलं. घुग्घुस, आवारपूर, गडचांदूर, उपरवाही... सिमेंटचे मोठमोठे कारखाने आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात. देशभर इथून गोण्या जातात. आणि आपल्याच घरात मात्र ठेकेदार गोठलेल्या गोणीतले गोळे फोडून वापरतो, आपण बघत उभ्या! गोणीवर सिमेंट कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी तयार झालं ते छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं, दमट जागेत पडलेलं सिमेंट जोर सोडतं. हे मला कधी कळलं? स्लॅब गळायला लागल्यावर.

आमचा स्लॅब का गळला ते सांगते, कारण यात तुमचाही स्लॅब वाचेल. ओतायच्या दिवशी मिक्सर मशीन उशिरा आली. अर्धा स्लॅब सकाळी पडला, मग गिट्टी संपली, उरलेला संध्याकाळी. सकाळचा भाग तोवर आवळून आला होता. दोन्हींच्या मधे जो सांधा राहिला, तिथूनच आज पाणी येतं. व्हायब्रेटर आणलाच नव्हता. दोन पोरं सळाकीने टोचत होती. आणि पाणी? चंद्रपूरचं ऊन काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पारा ४६-४७ला जातो आणि त्या उन्हात ओला स्लॅब दोन तासांत भाजून निघतो. वर मातीच्या आळ्या करून किमान दहा दिवस तरी पाणी भरून ठेवायला हवं, खरं तर त्याहूनही जास्त. ठेकेदाराचा माणूस तिसऱ्या दिवसापासून आला नाही. शेजारच्या काकूंचा पाइप मागून मीच पहाट-संध्याकाळ पाणी मारलं. नळ दिवसाआड! प्यायचं पाणी जपायचं की स्लॅबला पाजायचं, हा रोजचा वाद.

आणि हे सगळं बघते कोण? घरची बाई. मजुरांना चहा तिच्या हातचा. रेतीच्या ट्रॅक्टरमागे धावणारी ती. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, पण ट्रॉली खरंच भरलेली आहे की मधे खड्डा ठेवून कडेने उंच दिसतेय, हे तिला दिसतं. पण ठेकेदार तिच्याशी बोलत नाही. "साहेबांशी बोललो आहे ताई, तुम्ही नका टेन्शन घेऊ." साहेब सकाळी नऊला गेले की रात्री येतात. दार डावीकडे उघडायचं की उजवीकडे, हेसुद्धा साहेबांना विचारणार! माझ्या सासूबाई शेवटी चिडून म्हणाल्या, "काहून बाबू, रांधते ती, धुते ती, अन् वट्याची उंची तू त्याले विचारून राह्यला का?" ओटा खरंच साडेतीन फूट उंच झाला होता. फोडून पुन्हा केला.

आता थोडं आपल्याही पदरात घालून घेऊ. ओटा फोडला तो रास्त होता. पण शेजारणीकडची टाइल्स पाहून मी एकदा ठरलेला रंग बदलला आणि खिडकीही हातभर सरकवायला लावली. त्याचे पैसे वेगळे होतात हे मला कबूल करायला जड गेलं. लोखंडाचे भाव वर-खाली होतात, त्यात लहान ठेकेदार खरोखर अडकतो. एकदा कागदावर लिहिलं असतं, तर माझं बदलणंही त्यावर आलं असतं आणि त्याचं पळणंही.

घरदुरुस्तीला रेरा लागतो का, असं एकीने विचारलं. नाही लागत. २०१७पासून महाराष्ट्रात असलेलं महारेरा हे बिल्डरकडून सदनिका-भूखंड विकत घेणाऱ्यांसाठी. आपल्याच घरात ठेकेदार लावून काम करून घेतो ते त्यात बसत नाही. पण ग्राहक कायद्यात बसतं! १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरबांधणी ही 'सेवा' आहे असं स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षी कायद्याच्या व्याख्येतही घरबांधणी आली. म्हणजे पैसे घेऊन अर्धवट किंवा वाईट काम करणं ही सेवेतली त्रुटी. दळणात खडे निघाले तर आपण गिरणीवाल्याशी भांडतो, आणि तीन लाखांच्या कामात "जाऊ दे बाई, नात्यातला आहे" म्हणतो.

१९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा ग्राहकाला स्वतंत्र कायदाही नव्हता. तो १९८६मध्ये आला आणि २०१९चा नवा कायदा २० जुलै २०२०पासून लागू झाला. नव्या कायद्यातली आपल्या कामाची गोष्ट ही, की तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. ठेकेदार नागपूरचा असो की आदिलाबादचा, चंद्रपूरच्या बाईने चंद्रपूरच्या आयोगात जायचं, गडचिरोलीच्या बाईने गडचिरोलीच्या. काम पाच लाखांपर्यंतचं असेल तर शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मात्र दोन वर्षांच्या आत जायचं. ब्रह्मपुरीच्या त्या बाईंचं याच कारणाने मला टेन्शन आहे. त्या अजून "येईल हो तो" म्हणत बसल्या आहेत. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं.

पण तिथे जाऊन दाखवायचं काय? हाच खरा पेच. रोख दिलेल्या पैशांचा पुरावा नसतो. म्हणून पैसे शक्यतो खात्यातूनच द्या. रोख दिले तर साध्या वहीत तारीख टाकून त्याची सही घ्या. मोबाइलवर रोज एक फोटो काढा: पायव्याचा, सळाकींचा, गोणीचा. घुग्घुस-दुर्गापूरकडच्या मैत्रिणींनी तर काम सुरू होण्याआधीचे भिंतींचे फोटो जरूर काढावेत. तिकडे तडा गेला की ठेकेदार पहिलं बोट खाणीकडे दाखवतो, "ब्लास्टिंगने गेला ताई". खाणीच्या हादऱ्याने भिंती तडकतात हे खोटं नाही. २०२२च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर अख्खंच्या अख्खं जमिनीत गेलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पण प्रत्येक तडा खाणीचा नसतो. काही सिमेंट वाचवल्याचे असतात, काही काळ्या मातीत पाया उथळ घेतल्याचे.

गडचिरोलीकडे घरकुलाची गोष्ट याहून कडू आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत २०१६पासून तिथे एका घरकुलाला १ लाख ३० हजार मिळतात, वर रोजगार हमीतून ९५ दिवसांची मजुरी. घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर असावं, असा नियम. आणि ठेकेदार नको, लाभार्थ्यानेच बांधावं, हाही नियमच आहे! प्रत्यक्षात गावागावांत कुणीतरी 'भाऊ' असतो. तो दहा घरकुलं एकदम 'घेतो'. हप्ता बाईच्या खात्यात येतो, तो तिला गाडीवर बसवून बँकेत नेतो, विड्रॉलवर अंगठा, पैसे त्याच्या खिशात. पुढचा हप्ता काम पुढे सरकल्याच्या फोटोवर मिळतो. जोत्यापर्यंत बांधून तो गेला, की हप्ताही अडतो आणि घरही. तोवर जुनं कुडाचं घर पाडून झालेलं असतं. ते कुडाचं घर मात्र कुणी ठेका घेऊन बांधलं नव्हतं. बांबू रानातला, माती अंगणातली, लिंपण बायांच्या हातचं, मदतीला सगळं गाव. ते गळलं तर कवेलू सारायला कुणाचा फोन लावावा लागत नव्हता. सिमेंटचं घर हवंच, साप-पाऊस कुणाला हवा आहे? पण त्या बाईला एवढं तरी सांगायला हवं, की बँकेत तू एकटी जा, आणि पैसे मिस्त्रीला कामाच्या मापाने दे.

'घर पाहावं बांधून' असं आपल्याकडे म्हणतात, पण ते बहुधा बांधून घेणाऱ्या पुरुषानेच म्हटलेलं असणार. आत राहून बांधून घेणाऱ्या बाईने वेगळं काही म्हटलं असतं!

माझं पुढे काय झालं ते विचाराल. नोव्हेंबरात एका वकील मैत्रिणीच्या मदतीने नोटीस लिहिली. काय ठरलं, किती दिले, काय राहिलं, पंधरा दिवसांत या, नाहीतर ग्राहक आयोगात जाते. स्पीड पोस्टाने पाठवली. यजमान म्हणाले, नात्यात वाईटपणा येईल. आला. त्याच्या बहिणीने संक्रांतीला तिळगूळ दिला नाही. पण आठव्या दिवशी तो मिस्त्री घेऊन दारात उभा होता. छपाई झाली, टाइल्स लागल्या, दार लागलं. स्लॅबच्या सांध्यावर वॉटरप्रूफिंगही केलं. यावेळी प्रत्येक हप्त्याला माझ्या वहीत सही घेतली. एकदा पेन नाही म्हणाला तर पोराच्या दप्तरातलं काढून दिलं.

वीस हजार अजून माझ्याकडे आहेत. परवा फोन होता, "ताई, तेवढं क्लिअर करा ना." मी म्हटलं, देते की! त्या कोपऱ्याखाली गंज ठेवलाय. एक पावसाळा कोरडा जाऊ दे, ये अन् घेऊन जा.