निळा शेवंडा

माळव्यात समुद्र नाही. इंदूरच्या आमच्या पिढीने समुद्र पाहिला तो लग्नकार्यासाठी किंवा नोकरीच्या निमित्ताने मुंबईस गेल्यावर; आणि समुद्रातले जीव पाहिले ते बहुधा पाठ्यपुस्तकातच. त्यामुळे गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंनी हाक मारून, 'हा प्राणी कोणता, ते सांगा पाहू' असे म्हणत आपला मोबाइल आमच्या हाती दिला, तेव्हा आम्ही क्षणभर गोंधळलो.

काकूंचा भाचा बोस्टनला असतो. सुटीत तो सहकुटुंब अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात गेला होता. तिथल्या एका कोळ्याच्या नावेवरून त्याने दोन छायाचित्रे पाठविली होती. पहिल्यात त्या कोळ्याने दोन मोठ्या नांग्यांचा एक शेवंडा उंच धरला होता, आणि तो होता निळा. निळा म्हणजे कसा, तर शाईच्या दौतीत बुडवून नुकताच बाहेर काढावा तसा. दुसऱ्या छायाचित्रात एक साधासुधा, काळपट हिरवा शेवंडा होता व कोळी त्याच्या शेपटीकडे बोट दाखवीत होता. त्या दुसऱ्या चित्राकडे घरात कोणी वळूनही पाहिले नव्हते. खरे सांगायचे तर आम्हीही पाहिले नाही.

काकूंची दहा वर्षांची नात मात्र पहिल्या चित्रावर डोळे खिळवून बसली होती. तिने विचारले, "आजोबा, हा शिजवला तरी निळाच राहतो का?" काकू पडल्या कडक शाकाहारी. त्यांनी कानांवर हात ठेवले. पण प्रश्न असा होता की त्याचे उत्तर शोधण्यात आमचे आठ दिवस आनंदात गेले. ते उत्तर आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम या प्राण्याची ओळख. आपल्या कोकणात आणि गोव्यात जी शेवंड मिळते तिला नांग्या नसतात. लांबलचक काटेरी मिशा असतात. अमेरिकेच्या थंड पाण्यातला शेवंडा हा तिचा दूरचा भाऊबंद. त्याच्या दोन नांग्यांपैकी एक जाड, शिंपले फोडण्याची. दुसरी बारीक, कातरण्याची. आहारगृहांच्या पाट्यांवर तो लालभडक रंगविलेला असतो, पण ते रूप शिजल्यानंतरचे. जिवंतपणी तो शेवाळलेल्या खडकासारखा दिसतो आणि त्या खडकांतच दडून राहतो. पहिल्या पाच-सात वर्षांत तो वीस-पंचवीस वेळा कवच टाकतो, आणि तेव्हा कुठे बाजारात नेण्याजोगा होतो.

आता रंगाचे गूढ. शेवंड्याच्या कवचात अ‍ॅस्टाझॅन्थिन नावाचे एक रंगद्रव्य असते. गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याच्या कुळातलेच ते. सॅमन माशाचा नारिंगी रंगही त्याचाच. शेवंडा ते स्वतः तयार करीत नाही, खाल्ल्या अन्नातून मिळवितो. मोकळे असताना हे द्रव्य तांबूस नारिंगी असते. परंतु कवचातील क्रस्टासायनिन नावाचे प्रथिन त्याला असे काही आवळून धरते की त्याचा रंग पालटून निळा होतो. हार्वर्डचे जॉर्ज वॉल्ड यांनी सहकाऱ्यांसह १९४८ साली या निळ्या द्रव्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दृष्टिविज्ञानातील कार्याबद्दल पुढे १९६७ साली ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेच हे वॉल्ड. प्रथिनाची ही पकड नेमकी कशी असते, याचा उलगडा क्ष-किरणांच्या साहाय्याने ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी २००२ साली केला. सर्वसाधारण शेवंड्याच्या कवचात लाल, पिवळे व निळे असे थर एकावर एक असतात. त्यांच्या मिश्रणातून तो काळपट हिरवा रंग उमटतो. उकळत्या पाण्यात प्रथिन मोडते, पकड सुटते आणि कोंडलेला तांबडा रंग मोकळा होतो.

तेव्हा नातीच्या प्रश्नाचे उत्तर असे, की निळा शेवंडाही शिजल्यावर लालच होतो. पातेल्यातून बाहेर काढल्यावर दहांतला निळा कोणता होता, हे पकडणाऱ्या कोळ्यालाही सांगता येणार नाही. अपवाद एकाच प्रकाराचा. ज्याच्या कवचात रंगद्रव्यच नाही असा पांढरा, काचेसारखा शेवंडा कधीकाळी सापडतो. तो शिजला तरी पांढराच राहतो. मोकळे व्हायला त्याच्यापाशी रंगच नसतो.

मग काही शेवंडे मुळातच निळे का? कनेक्टिकट विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली दिलेले उत्तर असे, की एका आनुवंशिक दोषामुळे त्यांच्यात ते प्रथिन प्रमाणाबाहेर तयार होते. पिवळे आणि नारिंगी शेवंडेही सापडतात. त्यांच्यात ही निळी जोडणी नीट होत नसावी, असे मानतात. काहींच्या अंगावर ठिपक्यांची नक्षी असते. सर्वांत विस्मयकारक म्हणजे मधोमध दोरी धरून रंगविल्यासारखे दुरंगी शेवंडे. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर २०१२ साली असा अर्धा नारिंगी व अर्धा काळा शेवंडा सापडला आणि बोस्टनच्या मत्स्यालयात गेला. अशा दुरंग्यांपैकी काही एका बाजूने नर व दुसऱ्या बाजूने मादी असतात. अर्धनारीश्वराचे रूप ज्यांनी देवळात पाहिले आहे, त्यांना यात नवल वाटू नये. अमेरिकन वृत्तपत्रांना मात्र वाटले.

अन्नाचाही रंगाशी संबंध आहे. बोस्टनच्या त्याच मत्स्यालयातील शास्त्रज्ञांनी शेवंड्याच्या पिलांना ते रंगद्रव्य नसलेले अन्न देऊन पाहिले, तेव्हा ती फिकट पडत गेली. आणि नवलाईसुद्धा मुलुखावर ठरते. युरोपच्या किनाऱ्यावर जो शेवंडा मिळतो तो स्वभावतःच गर्द निळा. मेनचा कोळी ज्याला पाहून नाव थांबवितो, त्याला पाहून स्कॉटलंडचा कोळी मानही वळविणार नाही.

आता या दुर्मिळतेचा थोडा हिशेब. निळा शेवंडा वीस लाखांत एक, पिवळा तीन कोटींत एक, दुरंगी पाच कोटींत एक, पांढरा दहा कोटींत एक, असे आकडे वृत्तपत्रांत नेहमी येतात. समुद्राच्या तळाशी जाऊन ही शिरगणती कोणी केलेली नाही. आकडे अंदाजाचे आहेत, हे जाणकारही मान्य करतात. तरी घटकाभर ते खरे धरू. मेन राज्यात २०१६ साली सर्वाधिक, म्हणजे १३ कोटी पौंडांहून अधिक शेवंडे पकडले गेले. एक शेवंडा सरासरी सव्वा पौंडाचा धरला, तर संख्या झाली दहा कोटींच्या वर. म्हणजे त्या एका वर्षात, एकाच राज्यात, पन्नास निळे, तीन पिवळे आणि एक पांढरा नुसत्या हिशेबानेच सापडायला हवा. त्यातून आता प्रत्येक नावेवर छायाचित्र काढण्याचे साधन आहे. पूर्वी कोळी घरी जाऊन बायकोला सांगत असेल; आज तो जगाला सांगतो.

आणि जग कौतुक करते. ओहायोतील एका उपाहारगृहात २०२० साली शिजविण्यासाठी आलेल्या मालात एक निळा शेवंडा आढळला. त्याचे 'क्लॉड' असे बारसे होऊन त्याची रवानगी अ‍ॅक्रनच्या प्राणिसंग्रहालयात झाली. फ्लोरिडात २०२२ साली अशाच एका नारिंगी शेवंड्याचे प्राण वाचले व तो मत्स्यालयात गेला. भाच्याच्या नावेवरचा निळाही मापात बसत असूनही त्या कोळ्याने पाण्यात सोडून दिला. यात निंद्य काही नाही. जे सुंदर आणि विरळ, ते जपावेसे वाटणे हा माणसाचा चांगलाच गुण आहे. परंतु तळाच्या काळ्या खडकांवर असे झगझगीत अंग घेऊन वावरणाऱ्या पिलाला लपता येत नाही. ते मोठ्या माशांच्या सहज नजरेस पडते. ज्या रंगाने माणसाच्या हातून ते वाचते, त्याच रंगाने समुद्रात त्याच्यावर संकट येते.

इथवर लिहून झाल्यावर आम्ही ते दुसरे छायाचित्र नीट पाहिले, आणि भाच्याने त्याखाली लिहिलेल्या चार ओळीही वाचल्या. मग मात्र आम्हांस आमच्या उतावळेपणाची लाज वाटली.

ती मादी होती. तिच्या शेपटीच्या एका पाकळीवर इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराची लहानशी खाच होती. मेनमध्ये पोटाखाली अंडी असलेली मादी सापळ्यात आली, तर कोळी तिच्या शेपटीवर अशी खाच पाडतो आणि तिला सोडून देतो. अंडी उबून गेल्यावर ती पुन्हा दुसऱ्या कोणाच्या सापळ्यात आली, अंगावर एकही अंडे नसले, तरी खाच पाहून त्यानेही तिला सोडायचे. कवच बदलले तरी खुणेचा माग काही काळ टिकतो. हिचे कूस फळते, एवढेच ती खूण सांगते. एका मोठ्या मादीच्या पोटाखाली हजारो अंडी असतात आणि ती नऊ ते बारा महिने त्यांना वागविते.

ही रीत एका दिवसात आलेली नाही. १९१७ पासून मेनमध्ये अंड्यांच्या माद्या खुणा करून सोडण्याची योजना होती. १९२० व ३० च्या दशकांत शेवंड्यांचे उत्पन्न फार घसरले, तेव्हा १९३३ साली फार लहान आणि फार मोठे, असे दोन्ही शेवंडे पकडण्यास बंदी झाली. मोठे का, तर तीच वंशाची पेरणी करणारी. आजही कवचाची लांबी सव्वातीन इंचांहून कमी वा पाच इंचांहून अधिक भरली, तर शेवंडा परत पाण्यात जातो. खाच केलेल्या मादीला १९४८ साली कायद्याचे संरक्षण मिळाले. तेथील मानववंशशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅचेसन यांनी या कोळ्यांमध्ये वर्षानुवर्षे हिंडून ग्रंथ लिहिले आहेत. खाचेची मादी विकणारा पहाऱ्यापेक्षा आपल्याच बंदरातल्या माणसांना भितो, असे त्यातून दिसते. प्रत्येकाच्या तरंडांचे रंग वेगळे आणि जागेवरून भांडणे रोजची. पण ही एक गोष्ट सर्वांची.

म्हणून सारे आलबेल आहे असे नाही. मेनच्या आखातातील पाणी वेगाने तापत आहे. २०१६ नंतर उत्पन्न उतरत जाऊन २०२४ साली ते नऊ कोटी पौंडांच्या खाली आले. माणसाच्या हातची खाच पाण्याचे तापणे थोपवू शकत नाही. परंतु जिथे अशी खाच कोणी केलीच नाही, तिथे काय होते, हे पाहण्यास आपल्याला अमेरिकेत जावे लागत नाही.

मुंबईच्या समुद्रात, वाळूत राहणारी, चपट्या अंगाची एक शेवंड मिळत असे. १९७८ च्या सुमारास यांत्रिक नावांच्या जाळ्यांत ती मोठ्या प्रमाणावर येऊ लागली. परदेशांतून मागणी होती, पैसा चांगला होता. ती जाळी तळ खरवडून आणतात. अंड्यांची मादी आणि रिकामी मादी असा भेद त्यांना नसतो. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती शेवंड मुंबईच्या बंदरांतून जवळजवळ नाहीशी झाली. सरकारने २००३ साली निर्यातीच्या शेवंडांना किमान वजनाची अट घातली. वाळूतल्या शेवंडीसाठी १५० ग्रॅम, मुंबईच्या काटेरी शेवंडीसाठी ३०० ग्रॅम. अट योग्यच होती, पण मुंबईच्या वाळूतल्या त्या शेवंडीला ती वेळेवर लाभली नाही. तिच्यात कोणी निळी नव्हती, म्हणून तिचे जाणे कोणाच्या छायाचित्रात आले नाही.

आमच्या या मासिकात दर वर्षी गुणवंत मुलामुलींची छायाचित्रे छापून येतात आणि ती यावीतच. पण ज्या घरांतून ती मुले येतात, ती घरे चालविणाऱ्या, ज्यांचे छायाचित्र कधी छापून आले नाही अशा बायकांची आठवण आम्हांस त्या दुसऱ्या चित्राने करून दिली. वाचकांनी आपापल्या घरात पाहावे.

काकूंना आम्ही हे सारे वाचून दाखविले. सुरुवातीस कानांवर ठेवलेले हात त्यांनी मघाच काढले होते. त्या म्हणाल्या, "म्हणजे ओटी भरून लेकीची पाठवणीच की हो ही." इतक्या थोड्या शब्दांत हे आम्हांस सांगता आले नसते.

नातीचा आग्रह आहे की लेखासोबत निळ्या शेवंड्याचे चित्र छापावे. आम्ही दोन्ही चित्रे संपादकांकडे पाठविली आहेत. जागा एकाचीच असेल, तर दुसरे छापावे, अशी त्यांना विनंती आहे.