तोडलेला ऊंस आणि सरणारी साखर

आमच्या बागाईतदार बंधूंच्या बोलण्यांत उंसाचा हिशेब नेहमीं टनांत निघतो. एकरीं किती टन पडले आणि टनास काय भाव मिळाला, एवढें समजलें कीं हिशेब संपला असें मानण्याचा प्रघात आहे. परंतु कारखाना घेतो तो ऊंस आणि विकतो ती मुख्यतः साखर. व कायद्यानें उंसाचा भाव ठरतो तोही साखरेच्या उताऱ्यावरूनच. मोळी बांधल्यापासून ती गव्हाणींत पडेपर्यंत उंसाच्या पोटांत काय घडतें, हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यास आपला माल कोठें बुडतो हेंही कळत नाहीं. सबब हा विषय केवळ रसायनशास्त्र्यांकडे सोंपवून शेतकऱ्यानें स्वस्थ बसूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम मूळ गोष्ट पाहूं. जोंधळ्याचें पीठ, कापसाचा धागा आणि उंसाची साखर ह्या वस्तु दिसण्यांत भिन्न असल्या तरी एकाच कुळांतल्या आहेत. कर्ब, हायड्रोजन व प्राणवायु ह्या तीन मूलद्रव्यांपासून त्या बनतात व त्यांस कर्बोदकें म्हणतात. हिरवें पान सूर्यप्रकाशाच्या बळावर हवेंतील कार्बन डाय-ऑक्साइड वायु व मुळांनीं शोषलेलें पाणी ह्यांपासून शर्करा तयार करतें. द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, हिचे कण एका रीतीनें ओवले असतां पिठांतील पिष्ट होतें. दुसऱ्या रीतीनें ओवले असतां कापसाचा तंतु होतो. आणि ग्लुकोजचा एक कण व फलशर्करा, म्हणजे फ्रुक्टोज, हिचा एक कण ह्यांची जोडी जमली कीं जी शर्करा होते, तीच आपल्या उंसाची साखर. शास्त्रांत तिला सुक्रोज म्हणतात.

ह्या जोडीचा एक गुण ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. ग्लुकोज व फ्रुक्टोज एकएकटे असतां त्यांचें एक टोंक मोकळें असतें व तें इतर पदार्थांशीं चटकन् संयोग पावतें. सुक्रोजमध्यें हीं दोन्ही टोंकें एकमेकांस बांधलेलीं असतात. म्हणून पानांत झालेली कमाई कांड्यापर्यंत वाहून नेण्यास व तेथें सांठवून ठेवण्यास ऊंस सुक्रोजच वापरतो. जेथें नवी वाढ चाललेली असते, तेथें मात्र ही जोडी सोडविणें त्यास भाग पडतें. त्या कामीं इन्व्हर्टेज नांवाचें विकर त्याच्याजवळ असतें. विकर म्हणजे जिवंत पेशींनीं निर्माण केलेला, रासायनिक क्रिया जलद घडवून आणणारा पदार्थ होय. शेंड्याकडील कोंवळीं पेरें बेचव लागतात व बुडख्याकडील गोड लागतात, ह्याचें कारण हेंच. थंडी पडली, पाणी तोडलें व वाढ थांबली कीं विकराचें काम मंदावतें आणि सुक्रोज सांठूं लागतो. ह्यासच आपण ऊंस पक्व झाला असें म्हणतों.

आतां तोडणीकडे वळूं. कोयता बसला कीं पानांकडून येणारी भर बंद होते. परंतु ऊंस त्याच क्षणीं मरत नाहीं. त्याच्या पेशी श्वसन करीत राहतात व त्यासाठीं सांठलेली साखर खर्च होते. त्याबरोबरच इन्व्हर्टेज पुन्हां जोर धरतें व सुक्रोज फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होऊं लागतो. येथें एक विलक्षण हिशेब आहे. ३४२ भार सुक्रोज फुटतांना १८ भार पाणी घेतो व दोन्ही शर्करा मिळून ३६० भार होतात. वजन वाढतें, गोडी राहते. परंतु कारखान्याच्या कढईंत ह्या फुटलेल्या शर्करेची दाणेदार साखर होत नाहीं. ती मळींत जाते. उंसांतील पाणी सुकून जी घट येते ती वजनकाट्यावर दिसते आणि शेतकरी त्याबद्दल तक्रारही करितो. ही दुसरी घट कोणत्याही काट्यावर दिसत नाहीं, म्हणूनच ती अधिक घातक होय.

तोडीच्या जखमेंतून ल्युकोनोस्टॉक नामक सूक्ष्म जंतूही आंत शिरतात. ते सुक्रोजांतील फ्रुक्टोज मोकळा करून ग्लुकोजच्या कणांची डेक्स्ट्रान नांवाची चिकट माळ बनवितात. तिच्यामुळें रस दाट होतो, गाळण्यास जड जातो व साखरेचे दाणे धरण्यास अडथळा येतो. पाचट पेटवून तोडलेल्या उंसाची साल तडकते, तेव्हां ह्या जंतूंस आयतीच वाट मिळते. असा ऊंस उन्हांत पडून राहिला तर नासाडी आणखी झपाट्यानें होते. पौषांतील थंडींत जो ऊंस थोडा धीर धरतो, तोच चैत्रांतील उन्हांत धरीत नाहीं.

ज्यांचें गुऱ्हाळ आहे त्यांस ह्याचा अनुभव वेगळा सांगावयास नको. शिळ्या उंसाच्या रसाचा पाक नीट बसत नाहीं. ढेप मऊ व काळपट निघते आणि पावसाळ्यांत तिला पाणी सुटतें. फुटलेली शर्करा हवेंतील ओल ओढून घेते, व तिचीं मोकळीं टोंकें काहिलींतील उष्णतेंत रसांतील नत्रयुक्त द्रव्यांशीं मिळून रंग काळवंडवितात. उंसाचा रस मूळचाच किंचित् आंबट असतो, व आंबट रस तापला म्हणजे विकराच्या साहाय्यावांचूनही सुक्रोज फुटतो. जुना गुळव्या बेतानें चुन्याची निवळी घालीत असे, तें ह्या दृष्टीनें शहाणपणाचेंच होतें.

आतां पैशांचा विचार करूं. इ. स. १९६६ च्या ऊंस नियंत्रण आदेशांत इ. स. २००९ सालीं दुरुस्ती होऊन रास्त व किफायतशीर भावाची पद्धति आली. २०२५-२६ च्या हंगामाकरितां केंद्र सरकारनें १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये भाव ठरविला. उतारा ०.१ टक्क्यानें वाढला तर ३ रुपये ४६ पैसे अधिक व घटला तर तितकेच कमी, मात्र ९.५ टक्क्यांखालीं अधिक कपात नाहीं. समजा, कारखान्याचा उतारा ११ ऐवजीं १०.५ टक्के पडला. क्विंटलमागें १७ रुपये ३० पैसे, म्हणजे टनामागें १७३ रुपये गेले. एकरीं ४० टन पिकविणाऱ्याचे ६,९२० रुपये झाले. शिवाय हा उतारा कोणा एकाच्या शेताचा नसून सबंध कारखान्याच्या गाळपाचा असतो. ज्यानें ताजा ऊंस पाठविला व ज्याचा ऊंस तीन दिवस बांधावर पडून राहिला, त्या दोघांस भाव एकच. अशा व्यवस्थेंत शिळ्या उंसाचा तोटा गांवकीचा होतो, आणि गांवकीच्या तोट्यास कोणी वाली नसतो.

कोणी म्हणतील कीं, आतां कारखान्यांस मद्यार्काची जोड आहे व फुटलेल्या शर्करेचेंही मद्यार्क होतेंच, मग चिंता कां? यीस्ट स्वतःच सुक्रोज फोडून मग तो आंबवितें, हें खरें. परंतु जी साखर श्वसनांत जळून गेली ती परत येत नाहीं, आणि जंतूंनीं बनविलेलें डेक्स्ट्रान यीस्टला पचत नाहीं. तेव्हां मद्यार्काच्या आशेवर शिळा ऊंस खपवून घेणें म्हणजे गळक्या कणगीखालीं कोंबड्या पाळून धान्य वसूल झालें असें समजण्यासारखें आहे.

दोष एकाच पक्षाचा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. वजन वाढावें म्हणून तोडीच्या तोंडावर पाणी देणारा शेतकरी, सोईसाठीं फड पेटवूं देणारा मालक, वाहन नसतां तोड लावणारा मुकादम आणि गाळपाच्या शक्तीपेक्षां अधिक ऊंस तोडवून गाड्यांची रांग लावणारा कारखाना, हे सर्व ह्यांत भागीदार आहेत. मात्र तोडणी कामगारावर ह्याचें खापर फोडणें अन्यायाचें होईल. तोड कोणत्या दिवशीं लावावी व वाहन केव्हां यावें, हें त्याच्या हातीं नसतें.

म्हणून आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. प्रत्येक गाडीच्या पावतीवर वजनाबरोबर तोडणीचा दिवस व वेळ लिहिली जावी, व चोवीस तासांच्या आंत किती ऊंस गाळला गेला हा आंकडा कारखान्यानें सभासदांपुढें दरमहा मांडावा. वाहन ठरल्यावांचून तोड लागूं नये. तोडीचा क्रम केवळ लागणीच्या तारखेवर न ठेवतां, हातांतील रिफ्रॅक्टोमीटरनें शेंडा व बुडखा ह्यांच्या रसाची परीक्षा करून ठरवावा. ऊंस जमिनीलगत तोडावा, कारण साखर बुडख्यांत असते. आणि वाढें पुरतें छाटून जनावरांस घालावें, गव्हाणींत पाठवूं नये. ह्यांपैकीं पहिल्या दोन गोष्टी एकट्यादुकट्याच्यानें होणार नाहींत. त्या वार्षिक सभेंत ठराव आणूनच होतील. येत्या सभेस जातांना सभासदांनीं भावाच्या मागणीबरोबर तासांची मागणीही घेऊन जावें. भाव ठरण्यापूर्वींच जी साखर वाटेंत सरते, तिचा भाव कोणतेंही सरकार देऊं शकत नाहीं.