तुकडा गहू कुणी केला?

मुलांनो, या आठवड्याचं आपलं सदर कशेळीहून आलेल्या एका पत्रासाठी! ठाण्याहून भिवंडीला जाताना खाडीवरचा पूल ओलांडला, की लागतं ते कशेळी. पत्र लिहिणारी आपली मैत्रीण सातवीत आहे. ती लिहिते, ‘उन्हाळ्यात आमच्याकडे वर्षाचा गहू भरतात. दुपारी आजी आणि मी ताटं घेऊन तो निवडायला बसतो. त्यात तुकडे निघतात, भुस्सा निघतो, सालासकट दाणेही निघतात. आजी म्हणते, आम्ही भात झोडायचो तेव्हा असं नव्हतं. यंत्राचं काम म्हणजे असंच! मग चूक यंत्राची का?’

प्रश्न झकास आहे. उत्तर शोधायला आधी आजीच्या खळ्यावर जाऊ या.

आजीच्या वेळी काय चालायचं? आधी विळ्यानं भात कापायचं. मग भारे खळ्यावर आणून झोडायचे. मग वाऱ्याच्या तोंडाशी उभं राहून सुपानं उपणायचं. दाणा जड, तो पायाशी पडतो. पोल फोलकट हलकं, ते उडून जातं. कापणी, झोडणी आणि उपणणी, अशी ही तीन कामं. गव्हाच्या शेतात ही तिन्ही कामं एका दमात करणारं यंत्र म्हणजे कंबाइन हार्वेस्टर. शेतकरी त्याला नुसतं ‘हार्वेस्टर’ म्हणतात. स्वतःच्या इंजिनावर चालणारं ‘स्वराज 8100’ हे कंबाइन पंजाबात 1980 मध्ये तयार झालं.

आता त्याच्या पोटात डोकावू या. पुढची पाती गहू कापतात. आत एक लोखंडी ड्रम गरगर फिरत असतो. गव्हासाठी तो मिनिटाला साधारण 800 ते 1000 फेरे घेतो. ड्रमच्या खाली अर्धगोल जाळी असते. ड्रम आणि जाळी यांच्यामधल्या फटीत ओंबी चोळली जाते आणि दाणे सुटतात. ही झाली झोडणी. मग दाणे हलत्या चाळण्यांवर पडतात आणि खालून पंखा वारा घालतो. ही झाली उपणणी.

गंमत पुढेच आहे. ड्रमचा वेग, फट, चाळणीची भोकं आणि पंख्याचा वारा, हे सगळं कमीजास्त करता येतं, नव्हे, करावंच लागतं! हरभऱ्याला गव्हाइतका वेग दिला तर डाळच व्हायची. आणि गव्हातसुद्धा सकाळी एक आणि दुपारी एक. सकाळी दवानं ओंबी दमट असते, दाणा सहज सुटत नाही. दुपारी उन्हानं ती कडक होते आणि तोच वेग दाणा फोडतो.

तर आता आपल्या मैत्रिणीचं ताट पुन्हा बघू या. तुकडे जास्त? मग ड्रम फार जोरात फिरला असेल किंवा फट फार कमी ठेवली असेल. सालासकट दाणे? उलटं झालं असेल. ड्रम हळू, फट मोठी किंवा पीक दमट. भुस्सा आणि काड्या? पंख्याचा वारा कमी पडला किंवा चाळणी फार उघडी राहिली. म्हणजे ताट हे त्या यंत्राचं प्रगतिपुस्तकच की! (भोक पडलेला दाणा मात्र किडीचा आणि सुरकुतलेला दाणा बहुतेक उन्हाच्या तडाख्याचा, बरं का. ते गुन्हे यंत्राच्या माथी मारू नका. शिवाय पोती भरताना, उतरवतानाही थोडे दाणे फुटतात.)

पण सगळ्यात मोठी चूक ताटात दिसतच नाही. पंखा फार जोरात लावला, तर भुश्श्याबरोबर चांगला दाणाही यंत्राच्या मागून उडून जातो. ताटात येतो तो गहू अगदी स्वच्छ! आपण खूश आणि शेतकऱ्याचं नुकसान.

हे मी एकदा निफाड तालुक्यात डोळ्यांनी पाहिलं. मार्च महिना होता. तेव्हा पंजाबातली कंबाइनं आपल्याकडे, गुजरातेत, मध्य प्रदेशात येतात. एप्रिलच्या मध्यावर, बैसाखीच्या सुमाराला तिकडचा गहू पिकतो, म्हणून त्यांना परतायची घाई असते. पैसे एकरावर मिळतात. जेवढं भरभर, तेवढी कमाई. एक पट्टा कापून झाला तशा शेताच्या मालकीणबाई यंत्रामागं गेल्या, खाली बसल्या आणि भुस्सा बाजूला सारून दाणे मोजू लागल्या. मग हात वर करून म्हणाल्या, “पाजी, जरा थांबा. इकडं या, बघा.”

चालक थोडा कुरकुरला, पण उतरला. ओंजळभर भुस्सा चाळून त्यानं मान हलवली. मग पंखा थोडा कमी केला. फक्त पंखा! बाकी कशाला हात लावला नाही. थोडं कापून पुन्हा दोघं खाली बसले. दाणे कमी झाले होते. मग यंत्राचा चालायचा वेगही थोडा उतरवला आणि पुन्हा मोजलं. तेव्हा कुठे बाईंनी ‘चालू द्या’ म्हटलं. सगळ्याला पंधरा मिनिटं गेली असतील.

एवढ्याशा दाण्यांसाठी पंधरा मिनिटं? चला, गणित करू. मागं एका चौरस फुटात सरासरी 10 दाणे पडले असं समजा. एका एकरात 43,560 चौरस फूट. म्हणजे 4,35,600 दाणे. गव्हाचे हजार दाणे साधारण 40 ग्रॅम भरतात. वजन झालं 17 किलोच्या वर! चौघांच्या घराला पंधरा दिवस पोळ्या पुरतील एवढा गहू, तोही दर एकरी. (मोजताना मात्र पट्ट्याच्या मध्ये आणि दोन्ही कडांना मोजून सरासरी काढायची. आणि कापणीआधीच गळून पडलेले दाणे त्यातून वजा करायचे.)

तेव्हा कशेळीच्या मैत्रिणी, आजीला सांग, तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. झोडताना आजीचे डोळे दाण्यावर होते. दाणा सुटला नाही तर ती आणखी एक फटका मारायची, वारा पडला तर थांबायची. यंत्राला डोळे नाहीत. ते जसं लावून दिलं तसंच चालत राहतं. खाली उतरून बघणारं माणूस लागतंच. चूक यंत्राची नाही, न बघण्याची आहे.

आता तुमचं काम. आईला विचारून न निवडलेल्या गव्हाचे 100 दाणे मोजून घ्या. अख्खे, तुकडे, सालासकट आणि किडके, असे चार ढीग करा. मग यंत्राचं काय चुकलं असेल ते ओळखा आणि आम्हाला कळवा. आईबाबांनो, हे करताना ताटाशी तुम्हीही बसा. आणि हो, मोजलेले दाणे परत पोत्यात टाकायला विसरू नका!